पत्रकारिता व जनसंज्ञापन विषयाची नेट-सेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर परीक्षेच्या आधी दोन महिने तेच प्रश्न येतात. बऱ्याचदा विचारणारा एखाद्या दैनिकात रात्रपाळी करणारा उपसंपादक असतो किंवा एमए होऊन दोन वर्षं झालेली, तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलगी. उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. सगळं एका दमात वाचायची गरज नाही, अडलेला प्रश्न शोधा.

नेट आणि सेट एकच का?

नाही, पण भावंडं आहेत. नेट देशपातळीवरची परीक्षा. डिसेंबर २०१८ पासून ती एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते आणि आपल्या विषयाचा क्रमांक ६३ आहे. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी असते, ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. सेटचं प्रमाणपत्र या दोन राज्यांतल्या सहायक प्राध्यापक पदासाठी चालतं, नेटचं देशभर. संशोधनासाठीची शिष्यवृत्ती म्हणजे जेआरएफ फक्त नेटमधून मिळते. अभ्यास जवळजवळ एकच, त्यामुळे दोन्ही द्या. एकाच तयारीत दोन दारं ठोठावता येत असतील तर एकाच दारापाशी उभं राहण्यात अर्थ नाही.

पात्रता काय लागते?

पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, आरक्षित प्रवर्गांना ५० टक्के. एमएच्या शेवटच्या वर्षाला असलेले विद्यार्थीही बसू शकतात. सहायक प्राध्यापक पदासाठी वयाची अट नाही. जेआरएफसाठी ३० वर्षं, त्यात महिला आणि आरक्षित प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत.

एक गोष्ट नेहमी घोळात टाकते. तुमची एमए मराठीची असेल आणि तुम्ही पंधरा वर्षं बातम्या लिहीत असाल, तरी नियमाने तुमचा विषय मराठीच ठरतो. पदव्युत्तर पदवी ज्या विषयाची, त्याच विषयाची नेट द्यायची असते. पदविका आणि अनुभव यांच्या जोरावर विषय बदलता येत नाही.

पेपर कसा असतो?

नेटला तीन तास सलग, मध्ये विश्रांती नाही. पहिला पेपर सर्वांना समान : ५० प्रश्न, १०० गुण. दुसरा आपल्या विषयाचा : १०० प्रश्न, २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही दरवेळी कोणी ना कोणी सात-आठ प्रश्न कोरे ठेवून बाहेर येतो.

४० टक्के मिळाले की पास ना?

हाच सर्वांत मोठा गैरसमज. दोन्ही पेपर मिळून ४० टक्के (आरक्षित प्रवर्गांना ३५) ही फक्त रांगेत उभं राहण्याची अट आहे. ३०० पैकी १२० गुण मिळवून तुम्ही रांगेत लागता, एवढंच. दोन्ही पेपर दिलेल्यांच्या सहा टक्के इतक्याच जागा सहायक प्राध्यापक पात्रतेसाठी काढल्या जातात, त्या विषयवार आणि प्रवर्गवार वाटल्या जातात आणि मग प्रत्यक्ष कटऑफ ठरतो. तो १२० च्या बराच वर असतो. सेटचंही याच धर्तीवर. म्हणून ‘पासिंगपुरता’ अभ्यास असं काही या परीक्षेत नसतं. तुमची स्पर्धा प्रश्नपत्रिकेशी कमी आणि शेजारच्या खुर्चीशी जास्त आहे.

मी सगळं मराठीतून शिकलो. माझं काय होणार?

नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो आणि दोन्हींत तफावत आढळली तर इंग्रजी ग्राह्य धरतात. सेटच्या माहितीपत्रकात प्रत्येक विषयापुढे माध्यम दिलेलं असतं, अर्ज भरण्याआधी ते पाहा.

मराठी मुलं ‘हिंदी तर येतेच की’ म्हणून हिंदी निवडतात आणि फसतात. आपण ‘नमुना’ म्हणतो तिथे ‘प्रतिदर्श’, आपण ‘गृहीतक’ म्हणतो तिथे ‘परिकल्पना’. ‘शिक्षा’ हा शब्द पहिल्या पेपरात इतक्या वेळा येतो की शेवटी शेवटी आपल्याला खरंच शिक्षा झाल्यासारखं वाटतं. माझा सल्ला : समजून मराठीत घ्या, वही मराठीतच लिहा, पण संज्ञा इंग्रजी ठेवा. ‘अजेंडा सेटिंग’चं मराठी भाषांतर सुंदर असेल, पण परीक्षेत ते समोर येणार नाही. वाक्य मराठी, संज्ञा इंग्रजी अशी खिचडी वही मी वापरली. दिसायला वाईट, उपयोगाला उत्तम.

मी दहा वर्षं पत्रकारितेत आहे. मला तरी सोपं जाईल ना?

बातमीलेखन, संपादन, निर्मिती या भागांत थोडं. बाकी ठिकाणी अनुभव आडवा येतो. आपण रोज शंभर बातम्यांतून वीस निवडतो, पण त्याला गेटकीपिंग म्हणतात, ही संज्ञा मुळात कर्ट लेविनची आणि ती बातमीदारीला डेव्हिड मॅनिंग व्हाइटने १९५० मध्ये लावली, हे कुठल्याही न्यूजरूममध्ये कोणी सांगत नाही. परीक्षेत नेमकं हेच विचारतात. पर्यायांत लेविन आणि व्हाइट दोघेही असतात.

माझा पहिला प्रयत्न याच गुर्मीत गेला. नैतिकतेच्या प्रश्नांना मी ‘प्रत्यक्षात काय होतं’ त्याप्रमाणे उत्तरं दिली. परीक्षेला प्रत्यक्षात काय होतं यात रस नव्हता, प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत काय लिहिलंय यात होता.

पहिला पेपर शेवटच्या आठवड्यात केला तर चालेल?

चालत नाही. शंभर गुण कोणी असे सोडतं का? पहिल्या पेपरचे दहा घटक आहेत आणि आपल्या विषयाच्या माणसासाठी त्यांतले तीन – संशोधन अभियोग्यता, संवाद आणि माहिती-तंत्रज्ञान – दुसऱ्या पेपरच्या अभ्यासातच निम्मेअधिक होऊन जातात. रसायनशास्त्राच्या उमेदवाराला संवादाची प्रारूपं (मॉडेल्स) नव्याने पाठ करावी लागतात, आपली ती रोजची भाकरी. हा फायदा घ्यायचा सोडून आपल्याकडचे बरेच जण गणिती तर्काच्या भीतीने अख्खा पेपरच बाजूला ठेवतात. तर्कशास्त्र आणि आकडेवारीचं विश्लेषण यांना रोज अर्धा तास दीड महिना दिला की हात बसतो. उच्च शिक्षण व्यवस्थेच्या घटकात आयोग आणि समित्यांची वर्षं लागतात, ती भिंतीवर चिकटवा.

सुरुवात कुठल्या घटकापासून करू?

दुसऱ्या पेपरचेही दहा घटक आहेत : पत्रकारिता व जनसंज्ञापनाची ओळख, विकास संवाद, वार्तांकन-संपादन, जाहिरात, जनसंपर्क, माध्यम कायदे व नीती, व्यवस्थापन व निर्मिती, माहिती-तंत्रज्ञान, चित्रपट व दृश्यसंवाद आणि संज्ञापन संशोधन. अधिकृत अभ्यासक्रम छापून घ्या, कारण बाजारातल्या काही गाइडमध्ये अजून २०१९ च्या आधीची रचना आहे. २०१७ पर्यंत तर तीन पेपर होते.

मी म्हणेन, संशोधनापासून सुरुवात करा. सगळे ते शेवटी ठेवतात, मग ते कच्चं राहतं आणि तेच दोन्ही पेपरांत येतं.

सिद्धांत डोक्यात राहत नाहीत. नावं, वर्षं सगळी एकमेकांत मिसळतात.

मिसळणारच, कारण आपण ती यादी म्हणून पाठ करतो. ती गोष्ट म्हणून वाचा.

पहिल्या महायुद्धात सरकारांनी प्रचार किती परिणामकारक असतो ते पाहिलं. माध्यम म्हणजे सुई, प्रेक्षक म्हणजे दंड, असं मानण्याचा तो काळ. हॅरोल्ड लासवेलचा प्रचारतंत्रावरचा ग्रंथ १९२७ चा, ‘कोण, काय, कुठल्या माध्यमातून, कोणाला, काय परिणामासह’ हे त्याचं सूत्र मात्र १९४८ चं. ही दोन वर्षं वेगळी लक्षात ठेवा. मग १९४० ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक आली. पॉल लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायोतल्या ईरी काउंटीत मतदारांचा अभ्यास केला. अपेक्षा होती की रेडिओ आणि वृत्तपत्रं मतं फिरवताना दिसतील. दिसलं असं की लोक आसपासच्या जाणत्या माणसांचं ऐकतात आणि ती जाणती माणसं माध्यमं वाचतात. १९४४ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि द्विस्तरीय प्रवाहाची कल्पना जन्मली. गावात पारावर पेपर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याला ती सांगायची गरज नव्हती, पण असो. १९५५ मध्ये कॅट्झ आणि लाझर्सफेल्ड यांनी तीच पुढे नेली. १९६० पर्यंत जोसेफ क्लॅपर माध्यमांचा परिणाम मर्यादित असतो असं ठासून मांडत होता.

मग घरोघरी टीव्ही आला आणि लंबक परत फिरला. १९६८ च्या निवडणुकीत चॅपल हिलमध्ये मॅक्सवेल मॅक्कोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी अजून मत न ठरवलेल्या १०० मतदारांना विचारलं की तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रश्न कोणते, आणि ती यादी माध्यमांतल्या बातम्यांच्या यादीशी पडताळली. दोन्ही याद्या जुळल्या. माध्यमं ज्याला महत्त्व देतात तेच लोकांना महत्त्वाचं वाटतं, हे अजेंडा सेटिंग १९७२ मध्ये छापून आलं. १९७४ मध्ये जर्मनीतून एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी मौनाचं वर्तुळ, म्हणजे स्पायरल ऑफ सायलेन्स मांडलं : आपलं मत थोड्यांचंच आहे असं वाटलं की लोक गप्प बसतात. जॉर्ज गर्बनर याच सुमारास टीव्ही जास्त पाहणाऱ्यांना जग प्रत्यक्षापेक्षा जास्त हिंसक वाटतं हे दाखवत होता. दुसरीकडे कॅट्झ, ब्लूमलर आणि गुरेविच यांनी प्रश्नच उलटा केला : माध्यमं लोकांचं काय करतात ते सोडा, लोक माध्यमांचं काय करतात ते सांगा.

म्हणजे आधी प्रचंड परिणाम, मग मर्यादित परिणाम, मग पुन्हा ताकदवान परिणाम. या तीन टप्प्यांत प्रत्येक नाव कुठे बसतं ते कळलं की ‘कालानुक्रमे लावा’ हा प्रश्न वर्ष न आठवताही सुटतो. एकदा आजीला ही गोष्ट सांगून पाहा. तिला कळली तर तुम्हाला कळली.

प्रारूपांचंही तसंच. शॅनन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतला माणूस, म्हणून १९४८-४९ च्या त्या प्रारूपात ‘गोंगाट’ आहे, पण प्रतिसाद नाही. तारेतून आवाज नीट जातो की नाही एवढाच त्याचा प्रश्न होता. विल्बर श्रॅमने १९५४ मध्ये माणसं आणली, म्हणून तिथे ‘अनुभवक्षेत्र’ येतं. बर्लो १९६० चा. डान्सचा मळसूत्री, म्हणजे हेलिकल आकार १९६७ चा.

मराठी वृत्तपत्रांवर प्रश्न येतात का, की सगळं बंगाल आणि दिल्लीच?

येतात, आणि ते चुकले तर आपल्यालाच लाज वाटावी. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ चं, मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. ‘समाचार दर्पण’ मात्र १८१८ चं, सेरामपूरच्या मिशनऱ्यांचं, बंगालीतलं. घाईत वाचणाऱ्यांना ही दोन नावं हमखास चकवतात. ‘मुंबई समाचार’ १८२२ चं, गुजराती. हिंदीतलं पहिलं ‘उदन्त मार्तंड’ १८२६ चं. त्याआधी सगळ्यांत पहिलं हिकीचं ‘बेंगॉल गॅझेट’, २९ जानेवारी १७८०.

‘केसरी’ आणि ‘मराठा’ १८८१ ची, पैकी ‘मराठा’ इंग्रजीत होतं, नावाला भुलू नका. कृष्णराव भालेकरांचं ‘दीनबंधू’ १८७७ चं. डॉ. आंबेडकरांची पत्रं क्रमाने लावा असा प्रश्न आला तर : ‘मूकनायक’ १९२०, ‘बहिष्कृत भारत’ १९२७, ‘जनता’ १९३०, ‘प्रबुद्ध भारत’ १९५६. गांधीजींची ‘इंडियन ओपिनियन’ १९०३ ते ‘हरिजन’ १९३३ ही रांगही शेजारीच ठेवा.

पत्रं आणि कायदे वेगवेगळे पाठ करू नका. १८२३ मध्ये अॅडमचे परवाना नियम आले म्हणून राजा राममोहन रॉय यांनी ‘मिरात-उल-अखबार’ बंद केलं. १८३५ मध्ये मेटकाफने ते नियम काढले. १८५७ च्या उठावात कॅनिंगने पुन्हा परवाना आणला. १८७८ मध्ये लिटनने देशी भाषांतल्या पत्रांचा गळा आवळला तेव्हा ‘अमृत बझार पत्रिका’ रातोरात इंग्रजी झाली, कारण कायदा इंग्रजी पत्रांना लागूच नव्हता. रिपनने तो मागे घेतला. एकामागे एक कारण जोडत गेलं की गव्हर्नर जनरल आणि व्हाइसरॉय यांची नावं आपोआप जागेवर बसतात.

कायद्यांसाठी जुनं पुस्तक चालेल का?

संविधानाच्या भागापुरतं चालेल. अनुच्छेद १९(१)(अ) आणि १९(२) तेच आहेत. बाकी इथे जुनं गाइड उघडपणे नुकसान करतं, कारण गेल्या काही वर्षांत बरंच बदललं.

प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स अॅक्ट १८६७ गेला. त्याच्या जागी नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा आला आणि १ मार्च २०२४ पासून लागू झाला. वृत्तपत्र निबंधकाचं आरएनआय हे नाव जाऊन पीआरजीआय झालं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता आहे : बदनामीचं कलम ४९९-५०० होतं, ते आता ३५६. ‘राजद्रोह’ म्हणून ओळखलं जाणारं १२४अ गेलं आणि कलम १५२ वेगळ्या शब्दांत आलं. चित्रपट कायदा १९५२ चाच, पण २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ चा. २०२३ मध्ये माहिती-तंत्रज्ञान नियमांत घातलेली सरकारी फॅक्ट चेक युनिटची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

खटल्यांपैकी ‘सकाळ पेपर्स विरुद्ध भारत सरकार’ (१९६२) पुण्याच्या दैनिकाचा आहे, म्हणून तरी मनात राहावा. किमतीनुसार पानांची संख्या ठरवणारा सरकारी आदेश न्यायालयाने उडवला : पानं कमी केली की मजकूर कमी होतो आणि किंमत वाढवली की वाचक कमी होतो, दोन्हीकडून अभिव्यक्तीलाच कात्री. ‘बेनेट कोलमन’ (१९७२) कागदाच्या कोट्याचा, युक्तिवादाच्या दृष्टीने त्याचाच पुढचा भाग. १९९५ चा क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलचा निकाल ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सांगतो. ‘श्रेया सिंघल’ने (२०१५) माहिती-तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. ‘सुब्रमण्यम स्वामी’ (२०१६) खटल्यात फौजदारी बदनामी वैध ठरली. ‘पुट्टस्वामी’ (२०१७) खासगीपणाचा.

प्रेस कौन्सिलचं कोडं वेगळं पाहा : पहिला कायदा १९६५ चा, परिषद १९६६ मध्ये, आणीबाणीत बरखास्त, १९७८ च्या कायद्याने १९७९ मध्ये पुन्हा. राष्ट्रीय पत्रकार दिन १६ नोव्हेंबर, आणि महाराष्ट्रातला आपला ६ जानेवारी. परीक्षेत पहिलाच विचारतात.

विकास संवादात नक्की काय वाचायचं?

दोन धागे. एक जगाचा : डॅनियल लर्नर (१९५८), एव्हरेट रॉजर्स (१९६२) आणि श्रॅम (१९६४) या तिघांना वाटत होतं की माध्यमं पोहोचली की गरीब देश आधुनिक होतील. तसं झालं नाही. १९७६ मध्ये खुद्द रॉजर्सनेच त्या विचाराचा काळ सरल्याचं लिहिलं. आपलं मत असं जाहीर मागे घेणारे अभ्यासक थोडेच. पुढे पाउलो फ्रेरेचा सहभागाचा विचार, आणि माहितीच्या नव्या जागतिक व्यवस्थेची मागणी, जिच्यातून युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगाचा १९८० चा अहवाल आला. त्या आयोगावर भारताचे बी. जी. वर्गीस होते. हेच वर्गीस आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेसाठी ‘आकाश भारती’ सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष.

दुसरा धागा भारताचा. १९५६ चा रेडिओ रूरल फोरम पुण्याच्या परिसरातल्या खेड्यांत झाला, युनेस्कोच्या मदतीने. लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि मग चर्चा करत. दूरदर्शनवरचं ‘कृषी दर्शन’ १९६७. उपग्रहावरून खेड्यांत दूरदर्शन पोहोचवणारा साइट प्रयोग ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६, सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं, उपग्रह अमेरिकेचा एटीएस-६. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता, हे लक्षात असू द्या. खेडा प्रकल्प त्याच वर्षीचा, गुजरातमधला. ‘हम लोग’ मालिका १९८४.

नवी गोष्ट सर्वांत आधी स्वीकारणाऱ्यांपासून सर्वांत शेवटी स्वीकारणाऱ्यांपर्यंत रॉजर्सने पाच गट केले, त्यांच्या टक्केवारीवर प्रश्न येतोच : २.५, १३.५, ३४, ३४, १६. बेरीज १०० येते का ते पाहत पाठ करा.

संशोधन आणि संख्याशास्त्राची भीती वाटते.

मोठी आकडेमोड सहसा नसते, संकल्पना असतात. त्या आपल्या धंद्यातल्या उदाहरणांनी पटकन कळतात. दैनिक, साप्ताहिक, मासिक असं वर्गीकरण केलं तर ती मोजमापाची नॉमिनल पातळी. वाचकाला आवडीची पुरवणी पहिली-दुसरी-तिसरी लावायला सांगितलं तर ऑर्डिनल. बातमीची लांबी कॉलम सेंटिमीटरमध्ये मोजली तर रेशो, कारण तिथे शून्य म्हणजे खरोखर काहीच नाही. तापमानाचं शून्य तसं नसतं, म्हणून ते इंटर्व्हल.

पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारची चूक अशी लक्षात ठेवा : अफवा बातमी म्हणून छापली ती पहिली, खरी बातमी अफवा समजून टोपलीत टाकली ती दुसरी. शून्य गृहीतक म्हणजे ‘यात काही नाही’ असं म्हणणारा तुमचा जुना वृत्तसंपादक.

कोटा सॅम्पलिंग आणि स्ट्रॅटिफाइड सॅम्पलिंग यांत सगळे गोंधळतात. दोन्हींत गट पाडतात. गटातून माणसं यादृच्छिक काढली तर स्ट्रॅटिफाइड, हाताला लागतील ती घेतली तर कोटा. पहिलं संभाव्यतेवर आधारित, दुसरं नाही. आशय विश्लेषणात बेरेल्सनची १९५२ ची व्याख्या आणि दोन कोडर्समधल्या सहमतीचे निर्देशांक (स्कॉट, क्रिपेनडॉर्फ) बघून ठेवा. मतं मोजण्याच्या पट्ट्यांपैकी लायकर्टची १९३२ ची, ऑस्गुडचं सिमँटिक डिफरन्शिअल १९५७ चं.

जाहिरात आणि जनसंपर्क?

संज्ञांचा भाग आहे, चार दिवसांत होतो. जाहिरात ग्राहकाला खरेदीपर्यंत कशी नेते हे सांगणारी प्रारूपं : एआयडीए, डॅगमार (कॉली, १९६१), लॅविज-स्टायनर (१९६१). शिवाय रोझर रीव्ह्जची यूएसपी, म्हणजे मालाचं इतरांत नसलेलं वैशिष्ट्य. जनसंपर्कात ग्रूनिग आणि हंट यांची चार प्रारूपं (१९८४) आणि आयव्ही ली, बर्नेज. वृत्तपत्रांचा खप तपासणारी एबीसी १९४८ ची, जाहिरातींवर लक्ष ठेवणारी एएससीआय १९८५ ची. पुढे चला.

चित्रपटाचा घटक किती खोल करायचा?

मला आवडतो म्हणून मी त्यात तीन आठवडे घालवले, तुम्ही घालवू नका. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३, ‘आलम आरा’ १९३१, एफटीआयआय १९६०, युरोपातल्या चळवळी (रशियन मोंताज, जर्मन अभिव्यक्तिवाद, इटालियन नववास्तववाद, फ्रेंच न्यू वेव्ह) आणि प्रत्येकीचं एकेक नाव-काम, शॉट्सचे प्रकार, सॉस्यूर आणि पर्स यांचं चिन्हशास्त्र. एवढं पुरतं.

विधान-कारण प्रकारच्या प्रश्नांत नेहमी चुकतं.

कारण आपण दोन्ही वाक्यं खरी दिसली की लगेच पहिल्या पर्यायावर बोट ठेवतो. आधी दोन्ही वाक्यं सुटी तपासा. दोन्ही खरी असतील तर मध्ये ‘कारण’ हा शब्द घालून मोठ्याने, म्हणजे मनातल्या मनात मोठ्याने, वाचा.

‘शॅनन-वीव्हर प्रारूपात प्रतिसाद नाही, कारण ते तारेतून संदेश पोहोचवण्याच्या तांत्रिक प्रश्नातून आलं.’ वाक्य जुळतं. ‘भारतात रंगीत दूरदर्शन १९८२ मध्ये आलं, कारण साइट प्रयोगासाठी अमेरिकन उपग्रह वापरला होता.’ दोन्ही गोष्टी खऱ्या, पण सांधा नाही. ‘नेहमीच’, ‘फक्त’, ‘कधीच नाही’ हे शब्द विधानात दिसले की थबका.

जोड्या लावा प्रकारात सगळ्या जोड्या येण्याची गरज नसते. खात्रीची एक जोडी पकडा, ती नसलेले पर्याय कापा. बहुतेक वेळा दोनच उरतात.

जुन्या प्रश्नपत्रिका किती सोडवू?

जितक्या मिळतील तितक्या, पण सोडवून गुण मोजण्यापुरत्या नकोत. प्रत्येक प्रश्नातले चुकीचे तीन पर्यायही शोधा. बरोबर उत्तर मॅक्कोम्ब्स असेल तर बाकीचे तीन कोण होते? ते पुढच्या पेपरात बरोबर उत्तर म्हणून परत येतात. एका प्रश्नपत्रिकेला तीन दिवस लागले तरी चालतील. मी अशा बारा केल्या आणि त्यानंतर वेगळी नोंदवही लागली नाही.

दुसऱ्या पेपरच्या शेवटी उताऱ्यांवरचे प्रश्न असतात. उत्तर समोर छापलेलं असतं आणि तरी थकल्यामुळे तिथेच गुण जातात. मी ते आधी सोडवायचो.

क्लास लावू का?

एकट्याने बसवत नसेल तर लावा. अभ्याससाहित्यासाठी मात्र लावू नका. यूजीसीची ई-पीजी पाठशाला आणि इग्नूचं ई-ज्ञानकोश यांवर या विषयाचं साहित्य मोफत आहे आणि ते पुष्कळशा छापील नोट्सपेक्षा बरं आहे. त्याहून चांगली सोय म्हणजे दोन सोबती : आठवड्यातून एकदा भेटायचं आणि प्रत्येकाने एक घटक दुसऱ्यांना शिकवायचा.

नोकरी सांभाळून किती वेळ लागतो?

रोज दोन तास असतील तर पाच-सहा महिने धरा. रात्रपाळीवाल्यांना सांगणं : ड्युटीवरून आल्यावर पहाटे अभ्यास होत नाही, ते स्वतःलाच फसवणं असतं. झोपा, दुपारी बसा.

परीक्षेच्या दिवशी वेळ कसा वाटू?

तीन तास म्हणजे १८० मिनिटं, प्रश्न १५०. मी दुसऱ्या पेपरला आधी शंभर मिनिटं द्यायचो, पहिल्याला साठ आणि उरलेली वीस मिनिटं खुणा करून ठेवलेल्या प्रश्नांना. पहिल्या पेपरचं गणित सुरुवातीला घेतलं की एका बेरजेत दहा मिनिटं अडकतात आणि त्याचा राग उरलेल्या पेपरवर निघतो.

उत्तरसूचीत चूक वाटली तर?

नेटची तात्पुरती उत्तरसूची येते तेव्हा प्रत्येक प्रश्नामागे शुल्क भरून हरकत घेता येते. पुरावा जोडायचा : पुस्तकाचं पान, कायद्याचं कलम. ‘आमच्या सरांनी असं शिकवलं’ हा पुरावा नाही. मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून परीक्षेनंतर लगेच गावाला जाणार असाल तर फोन हाताशी ठेवा.

निकालात ‘फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र’ असं आलं. म्हणजे काय?

जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात : जेआरएफ आणि सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश, फक्त पीएचडी प्रवेश. शेवटच्या दोन गटांना पीएचडी प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के महत्त्व मिळतं. प्रवेशासाठीचे हे गुण एकच वर्ष चालतात, म्हणून निकालानंतर विद्यापीठांच्या जाहिराती लगेच पाहायला लागा. सहायक प्राध्यापक पदाची पात्रता मात्र कायमची असते.

जेआरएफची रक्कम किती?

जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, वर घरभाडं नियमाप्रमाणे. पीएचडीला नोंदणी व्हावी लागते, नुसत्या निकालावर पैसे सुरू होत नाहीत.

नेट झालं की नोकरी लागते का?

नेट ही पात्रता आहे, नेमणूक नाही. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट, सेट किंवा स्लेट (राज्य परीक्षेचंच दुसरं नाव) ही किमान अट आहे आणि पीएचडी ऐच्छिक, त्यामुळे अर्ज करता येतो हे खरं. पण पत्रकारितेचे विभाग छोटे असतात आणि बऱ्याच ठिकाणी सुरुवात तासिका तत्त्वावरच होते. बातमीदारी सोडून लगेच राजीनामा देणाऱ्यांना मी थांबवतो : आधी जाहिरात, मग मुलाखत, मग नेमणूकपत्र, राजीनामा त्याच्यानंतर. आणि अर्ज भरताना दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आहे तसंच लिहा. लग्नानंतर नाव बदललेल्या दोन मैत्रिणींना या एका गोष्टीसाठी प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र घेऊन महिनाभर खेटे घालावे लागले होते.